माणूस बदलला की बोलणे बदलावे, पण किती?

उभाधागा

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन विभाग आणि ग्राहक यांच्यातील दुवा म्हणून काम करतो. सकाळी परदेशी खरेदीदाराच्या प्रतिनिधीशी, दुपारी जॉबरशी म्हणजे माग जुळवून देणाऱ्या कारागिराशी, पाळी बदलताना माग चालवणाऱ्या कामगारांशी आणि संध्याकाळी मालकांशी असे दिवसभर बोलणेच चालते. एकाच विषयावर या चौघांशी मी चार प्रकारे बोलतो. नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने त्यावर सरळ विचारले, की याला कौशल्य म्हणायचे की दुटप्पीपणा? मी त्याला जे उत्तर दिले ते मलाच पुरेसे वाटले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

उदाहरण देतो. समजा, टॉवेलचे वजन ४५० जीएसएमवरून ५०० जीएसएमवर न्यायचे आहे, म्हणजे दर चौरस मीटरला ५० ग्रॅम सूत वाढणार आहे. खरेदीदाराशी मी वजन, त्यात किती टक्के कमी-अधिक चालेल, पाणी शोषण्याची क्षमता आणि धुतल्यानंतरचे आकुंचन एवढेच बोलतो. जॉबरशी बोलताना जीएसएमचा आकडा जवळपास तोंडात येत नाही. टेरीच्या मागावर दोन बीम असतात, एक पायाच्या ताण्याचा आणि दुसरा पाइलचा, म्हणजे टॉवेलवर दिसणाऱ्या फाशांच्या धाग्यांचा. आडव्या धाग्यांचा गट थोडा मागे थांबवून मग एकदम पुढे ठोकला जातो आणि त्या मागे सोडलेल्या अंतरावर पाइलची उंची ठरते. जॉबरला ते अंतर किती ठेवायचे आणि पाइलचा बीम किती ढिला सोडायचा, एवढेच हवे असते. मालकांना सुताचा वाढीव खर्च आणि माल रवाना होण्याची तारीख हवी असते.

कामगाराचा प्रश्न या तिघांहून निराळा आहे. त्याची मजुरी नगावर असते. पाइल उंच झाली की पाइलचा बीम लवकर संपतो, नवा बीम जोडेपर्यंत माग उभा राहतो आणि उभ्या मागाची मजुरी त्याला मिळत नाही. त्याच्या दृष्टीने वजन वाढणे म्हणजे माग अधिक वेळा थांबणे.

या चौघांना मी जे सांगतो ते खरेच असते. तरीही प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा येतो आणि संपूर्ण चित्र माझ्यापाशी राहते. यात गैर नेमके कोठून सुरू होते, हे मला समजून घ्यायचे आहे. भाषेचा प्रश्न आहेच. आमच्या जॉबरांपैकी बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलली जाते, कामगारांमध्ये कन्नड आणि उर्दू बोलणारेही आहेत, आणि मी गरजेपुरती तेलुगू बोलतो. परंतु माझा प्रश्न भाषा बदलण्यापेक्षा मजकूर निवडण्याचा आहे.

डाळिंबराई

उभाधागा, तुमचे उदाहरण वाचून आमच्या क्षेत्राची आठवण झाली. मी सांगोला आणि पंढरपूर भागांतील डाळिंब बागायतदारांना सल्ला देण्याचे काम करतो. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांशी बोलताना तेल्या रोगाचा उल्लेख जिवाणूच्या शास्त्रीय नावाने होतो, पानांवरील आर्द्रता आणि तापमान यांची चर्चा होते. बागेच्या बांधावर पोहोचलो की त्यातले काहीही पहिल्या वाक्यात येत नाही. तेथे पहिला प्रश्न असा असतो, की कोणता बहार (फळांचा हंगाम) धरला आहे, पानगळ कधी झाली आणि पाणी सोडून किती दिवस झाले. ही तीन उत्तरे मिळाल्याखेरीज मी काय बोलावे हेच ठरू शकत नाही. ऐकणाऱ्यानुसार बोलणे म्हणजे सोपे शब्द निवडणे, असा एक समज आहे. माझ्या मते त्याची सुरुवात बोलण्यात नसून विचारण्यात आहे.

दुसरी गोष्ट मापांची. शिफारस छापली जाते ती दर लिटरला अमुक ग्रॅम किंवा दर हेक्टरला अमुक मात्रा अशी. शेतकरी मोजतो तो पाठीवरच्या पंपाच्या किंवा ट्रॅक्टरवरच्या टाकीच्या हिशेबाने. मी मात्रा सांगताना आधी टाकी किती लिटरची आहे हे विचारतो आणि त्या टाकीला किती ग्रॅम लागेल हे त्याच्यासमोर हिशेब करून सांगतो. या रूपांतरात मजकूर बदलत नाही, ऐकणाऱ्याला करावे लागणारे गणित तेवढे मी माझ्याकडे घेतो, आणि टाकीचा हिशेब चुकला तर औषध कमी पडते किंवा फळांवर चट्टे उठतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. सोपे करून सांगताना अट गळली, की गैर सुरू होते. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, ही अट ऐकायला कोणालाच आवडत नाही; व्यापारी बागेत येऊन उभा असताना तर मुळीच नाही. ती गाळली तर माझे बोलणे अधिक सुटसुटीत होते आणि शेतकरीही खूश राहतो. परंतु निर्यातीच्या मालात औषधाचा उर्वरित अंश मर्यादेपेक्षा अधिक निघाला तर माल त्याचा परत येतो, माझा नाही. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम ठेवला आहे, की कारणे गाळली तरी चालतील, अटी गाळायच्या नाहीत. शेतकऱ्याने विचारले तर कारणही सांगायचे, आणि बरेच जण विचारतात.

कडक_भाकरी

वरील दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले आणि तरीही मला हा सगळा प्रकार संशयास्पद वाटतो. समोरच्याला काय “हवे असते” हे तुम्ही ठरवता. उभाधागा म्हणतात, की माग कसा लावला हे खरेदीदाराला जाणून घ्यायचे नसते. जॉबरला खर्चाशी देणेघेणे नसते, हे कोणी ठरवले? कामगाराला निर्यातीच्या किमतीत रस नसतो, हे त्याने स्वतः सांगितले आहे का? माझा अनुभव असा आहे, की बोलणे माणसागणिक जुळवून घेतले जाते तेव्हा खालच्या पायरीवरच्या माणसाच्या वाट्याला नेहमी कमी माहिती येते, आणि ते त्याच्या सोयीसाठी केले असे वर सांगितले जाते. साहेबाला पाच पानांचा अहवाल आणि शिपायाला “तुम्ही काळजी करू नका”. हे जुळवून घेणे नव्हे.

सर्वांना एकच मजकूर द्या. ज्याला जे घ्यायचे ते तो घेईल.

रात्रपाळी

कडक_भाकरी, तुमचा राग मला समजतो, परंतु सर्वांना एकच मजकूर देण्याचा परिणाम मी रोज पाहते. मी परिचारिका आहे. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांमध्ये विडी वळणाऱ्या पुष्कळ असतात, सोलापूरच्या पूर्व भागातील आणि शहराजवळच्या कुंभारीतील विडी कामगारांच्या घरकुलांतील. त्यांच्यापैकी अनेकींची बोलण्याची भाषा तेलुगू आहे आणि वाचता फारसे येत नाही. क्षयरोगाचे निदान झालेल्या रुग्णाला आम्ही छापील पत्रक देतो. ते अगदी बिनचूक असते, कोणती औषधे पहिले दोन महिने आणि कोणती पुढचे चार महिने हे त्यात नीट लिहिलेले असते, आणि पुष्कळदा त्याची घडी पिशवीत जाते ती पुन्हा उघडली जात नाही.

रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा काळ सुरुवातीचा नसतो. औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. माणसाला वाटते की आजार संपला आणि गोळ्या बंद होतात. अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय उभा राहतो. म्हणून सहकारी डॉक्टरांशी मी औषधांच्या नावांनी बोलते आणि रुग्णाशी एकाच गोष्टीवर सर्वाधिक वेळ बोलते, की बरे वाटू लागेल तेव्हा काय करायचे. त्यानंतर “समजले का?” असे मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी “हो” असते, आपल्याकडे पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला “नाही” म्हणण्याची पद्धत नाही. त्याऐवजी मी म्हणते, “अक्का, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला आधी सांगा.” त्या सांगू लागल्या की माझ्या बोलण्यातले काय पोहोचले आणि काय वाटेत सांडले ते लगेच कळते. त्यात परीक्षा त्यांची नसते, माझी असते.

दुभाषाचाही मुद्दा येथेच मांडते. सोबत आलेला शाळकरी नातू मराठी आणि तेलुगू दोन्ही उत्तम बोलतो, म्हणून सगळे त्याच्याकरवी चालते. पाठदुखीपुरते ते ठीक आहे. परंतु अंगावरून जाण्याविषयी किंवा गर्भाशयाच्या तक्रारीविषयी कोणती आजी नातवाच्या तोंडून बोलेल? ती ते सांगतच नाही, आणि आपण समजतो की तक्रार नाही. अशा वेळी तेलुगू येणारी आमच्यातलीच एखादी मावशी शोधून आणणे, ती हातातले काम टाकून येईपर्यंत थांबणे, हाही ऐकणाऱ्यानुसार बोलण्याचाच भाग आहे, आणि रांग मोठी असताना तो सर्वांत आधी वगळला जातो.

एक गोष्ट मात्र मान्य करते. काही माणसांशी काहीच न बोलणे हेही याच कामात येते. शेजारीण चौकशीला आली तर तिला आजाराचे नाव कळता कामा नये.

उभाधागा

रात्रपाळीताई, “समजले का?” विषयीचे तुमचे निरीक्षण मागाच्या खात्यालाही जसेच्या तसे लागू पडते. जॉबरला विचारले तर मान डोलते. त्याने पहिला नमुना मागावर लावून दाखवला, की मग खरे काय ते कळते.

कडक_भाकरी, तुमच्या आक्षेपाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही.

निवृत्त_मास्तर

या विषयावर भाषाशास्त्रात आणि मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. त्यातील दोन-तीन गोष्टी येथे उपयोगी पडतील.

हॉवर्ड गाइल्स यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणूस बोलताना समोरच्याच्या उच्चारांकडे, वेगाकडे आणि शब्दांकडे नकळत सरकतो किंवा मुद्दाम त्यापासून दूर जातो. जवळ सरकणे आपलेपणाचे लक्षण असते, दूर जाणे वेगळेपण राखण्याचे. या अभ्यासातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब तिसरी आहे: जवळ सरकणे प्रमाणाबाहेर गेले की ऐकणाऱ्याला ते अपमानास्पद वाटते. वृद्धांशी लहान मुलांशी बोलावे तसे लाडिक, सावकाश आणि मोठ्या आवाजात बोलणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. कडक_भाकरी यांचा राग या अतिरेकावर आहे, आणि तो रास्त आहे.

दुसरी गोष्ट. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९०मध्ये एक प्रयोग केला. काही जणांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात संपूर्ण गाणे चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. सर्वांना एकच मजकूर द्यावा, या सूचनेतील अडचण हीच आहे. मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात जे चालू असते ते कागदावर उतरत नाही, आणि उतरले नाही हे त्याला कळतही नाही. तो एकच मजकूरदेखील कोणासाठी तरी बेतलेला असतो, बहुधा लिहिणाऱ्यासारख्याच माणसासाठी.

आता थोडे विषयाच्या कडेने. आपल्या परंपरेत ही गोष्ट कोणाला शिकवावी लागली नव्हती. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर विस्तृत ओवीबद्ध टीका लिहिली आणि ती १५७३मध्ये काशीला पूर्ण केली. त्याच एकनाथांनी वासुदेव, जोशी आणि गोंधळी यांच्या रूपांत भारुडेही रचली. टीकेतील विचार आणि भारुडातील विचार यांत तडजोड दिसत नाही. त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकात, आपल्याच सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्या समकालीन शरणांनी (शिवभक्त संतांनी) संस्कृताऐवजी कन्नडमध्ये वचने रचली. भारुड ऐकणाऱ्या माणसाला कमी अद्वैत मिळाले असे कोणी म्हणणार नाही. मला वाटते, डाळिंबराई ज्याला अट म्हणतात ती तेथे गळलेली नाही.

हुरडा

मी पुण्यात नोकरीला आहे. येथे आल्यावर बोलण्यातला सोलापुरी बाज आपोआप उतरतो आणि रेल्वे दौंड ओलांडून पुढे निघाली की “काय बे” पुन्हा तोंडात येते. मित्र याला नाटक म्हणतात. गाइल्स यांच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही माणसे मीच आहे, असे म्हणून आज प्रथमच मोकळे वाटले. बैठकीत वरिष्ठांच्या अंदाजपत्रकात खोट दिसली तर पुण्याच्या मराठीतही ती सांगायचीच असते, एवढे मात्र कळते. वाक्य लांबते आणि “मला वाटते” दोनदा येते, इतकाच फरक पडतो.

खतावणी

आतापर्यंतच्या चर्चेत ऐकणारे एकेकटे भेटत आहेत, असे गृहीत धरले आहे. सगळे एकाच सभागृहात बसले असतील तर काय करायचे? मी एका पतसंस्थेचे हिशेब पाहतो. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिला किराणा दुकानदार, निवृत्त शिक्षक, यंत्रमागधारक, ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या विधवा आणि ताळेबंद वाचून आलेले दोन-चार चिकित्सक सभासद असे सगळे येतात. चिकित्सकांच्या पातळीवर बोलावे तर इतरांना झोप येते आणि इतरांच्या पातळीवर बोलावे तर चिकित्सकांना वाटते की आपण काहीतरी झाकत आहोत.

निवृत्त_मास्तरांनी गाइल्स यांचे नाव घेतले, तसे मी ॲलन बेल यांचे घेतो. त्यांनी १९८४च्या एका लेखात ऐकणाऱ्यांचे थर सांगितले आहेत: ज्याच्याशी आपण थेट बोलतो तो, शेजारी बसून ऐकत असलेला, वाटेने जाताना ज्याच्या कानावर पडते तो आणि आपल्या नकळत ऐकणारा. सभेत मी थेट बोलतो ते ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या बाईंशी, परंतु चिकित्सक सभासद ऐकत आहेत हे वाक्यागणिक ध्यानात ठेवतो.

प्रत्यक्षात ते असे होते. पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगायच्या: लाभांश किती, ठेवी मागितल्या तर परत देण्याइतकी रक्कम हाताशी आहे की नाही, आणि लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला. मग थकबाकी, तिची कारणे आणि वसुलीची स्थिती. तरतुदी, राखीव निधी आणि गुंतवणुकींचा तपशील शेवटी, अहवालाच्या पानांचे क्रमांक सांगून. ज्याला पहिल्या दोन मिनिटांनंतर उठून जायचे आहे त्याच्याजवळही खरी माहिती असते, आणि थांबणाऱ्याला पुढे जे ऐकायला मिळते त्याने ती खोटी ठरत नाही. बहुतेक संस्था नेमका उलटा क्रम लावतात. दीपप्रज्वलन, सत्कार, संस्थेचा इतिहास, आणि थकबाकीचा आकडा चहा येतो त्या गोंधळात.

कडक_भाकरी यांच्या आक्षेपाला माझ्या परीने हे उत्तर आहे, की संपूर्ण मजकूर सर्वांना खुला ठेवा आणि जुळवून घ्या तो क्रम.

कडक_भाकरी

खतावणी, हे मला पटण्यासारखे आहे. थकबाकीचा आकडा चहाच्या आधी सांगणारा हिशेबनीस मी अजून पाहिलेला नाही, तेवढी शंका राहू द्या.

परंतु उभाधागा यांच्या उदाहरणात क्रमाने प्रश्न सुटत नाही, कारण तेथे सभागृह नाही. चार माणसे चार वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि एकमेकांशी या विषयावर बोलण्याची त्यांना संधीच नसते. मी एक कसोटी सुचवतो. ही चौघे कन्ना चौकातल्या एखाद्या चहाच्या टपरीवर योगायोगाने भेटली आणि प्रत्येकाने उभाधागा यांनी आपल्याला काय सांगितले ते सांगितले, तर कोणाला फसवले गेल्यासारखे वाटेल का? खरेदीदाराला माग कसा लावला हे सांगितले नाही, म्हणून तो रागावणार नाही. जॉबरही रागावणार नाही. कामगाराचे काय? वजन वाढणार हे चौघांनाही माहीत होते, मालकांना सुताच्या खर्चाचा आकडा मिळाला होता, आणि माग जास्त वेळ उभा राहून मजुरी बुडणार, हे मात्र त्याला पहिला बीम संपल्यावर कळले, तर तुम्ही त्याच्याशी तेलुगूत बोललात की मराठीत याला काही अर्थ राहत नाही.

डाळिंबराई

मी ज्याला अट म्हटले तीच ही. ऐकणाऱ्याच्या खिशावर परिणाम करणारी गोष्ट त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगायची.

उभाधागा

सर्वांचे आभार. टपरीची कसोटी लावून पाहिली, तेव्हा अडचण कामगाराशी होणाऱ्या बोलण्यात नसून मालकांशी होणाऱ्या बोलण्यात आहे हे लक्षात आले. त्यांना मी सुताचा खर्च सांगतो आणि बीम बदलण्याचा उभा वेळ सांगत नाही, कारण तो आकडा त्यांनी कधी मागितलेला नाही. त्यांच्या कागदावर तो नसेल तर नगामागे दर वाढवण्याचा विषय निघणारच नाही आणि कामगाराला मी कितीही आधी कळवले तरी फक्त वाईट बातमी आधी कळवल्यासारखे होईल. ५०० जीएसएमच्या पुढच्या नमुन्याच्या वेळी पाइल बीमला किती नग निघतात आणि बीम बदलायला किती वेळ जातो, हे दोन रकाने खर्चाच्या तक्त्यात घालून मालकांसमोर ठेवणार आहे. मालकांशी आकड्यांतच बोलावे लागते. “कामगारांचे नुकसान होते” हे वाक्य तेथे चालत नाही, “माग इतके तास उभा राहतो” हे चालते.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. पाळीवरच्या कामगारांना हे व्हॉट्सॲपच्या गटावर लिहून कळवावे की तोंडी?

रात्रपाळी

दोन्ही. आधी तेलुगू बोलणाऱ्या जॉबरच्या आवाजात ध्वनिसंदेश पाठवा, कारण लिहिलेले अनेक जण वाचणार नाहीत, आणि तुमच्या आवाजात आला तर तो कार्यालयाचा निरोप म्हणून ऐकला जाईल. मात्र दराचा आकडा त्याच गटावर लिहूनही ठेवा. पगाराच्या दिवशी आवाज कोणी पुन्हा ऐकत बसत नाही, आकडा दाखवता येतो.

खतावणी

आणि तो आकडा मालकांच्या मंजुरीनंतरच लिहा.

कडक_भाकरी

मंजुरी मिळाली नाही तर तेही त्याच गटावर लिहा, म्हणजे झाले.